‘मपला’ शोधला, शून्य निघाले

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी भर दुपारी एक ताई दुकानात आल्या. छत्री बाहेर झटकली, बाकावर टेकल्या आणि पिशवीतून एक सीडी काढून काउंटरवर ठेवली. सीडीवर स्केचपेननं लिहिलेलं होतं, ‘ओव्या, अंतिम, मार्च २००१’. अक्षर माझंच.

"काका, माझ्या वडिलांचा प्रबंध तुम्ही टाईप केला होता. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. घरातली प्रत वाळवीनं खाल्ली. यातून काही निघतं का बघता?"

सर लगेच डोळ्यांपुढं आले. गेवराई तालुक्यातले शाळामास्तर. शनिवारची सकाळची शाळा उरकून दुपारच्या एस.टी.नं यायचे. थंडीत आले की हातात हुरड्याची पुडी असायचीच. राक्षसभुवनच्या आसपासची गोदाकाठची गावं सायकलवर फिरून त्यांनी जात्यावरच्या ओव्या वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. एकूण ६१२. आकडा लक्षात राहायचं कारण एवढंच की त्या सगळ्या मी बोटांनी बडवल्यात.

मी विद्यापीठाच्या रस्त्यावर डीटीपी करतो. १९९३ साली गोदरेजच्या मराठी टाईपरायटरवर सुरुवात केली. तीसचा वेग, मग चाळीसचा, दोन्ही सरकारी परीक्षा पास. बी.ए. मात्र दुसऱ्या वर्षाला सुटलं ते सुटलंच. पण मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, लोकप्रशासन या विषयांतले प्रबंध इतके टाईप केलेत की कुणाचं तिसरं प्रकरण कुणाच्या दुसऱ्या प्रकरणावरून आलंय हे मला मार्गदर्शकाच्या आधी कळतं. बोलत नाही. धंदा आहे.

जानेवारी १९९४ मध्ये विद्यापीठाचा नामविस्तार झाला तेव्हा दुकानात तीन प्रबंध अर्धवट पडले होते. त्यांची पहिली पानं, प्रमाणपत्रं, प्रतिज्ञापत्रं, सगळं कार्बन लावून पुन्हा टाईप केलं. तीस वर्षांनी शहराचं नाव बदललं, तेव्हा तेच काम दोन बटणांत झालं. शोधा आणि बदला. झालं म्हणून बाइंडिंगला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी विद्यार्थी धापा टाकत परत. संदर्भसूचीतलं १९६७ सालचं पुस्तक ‘छत्रपती संभाजीनगर’ इथून प्रकाशित झालं होतं, बिहारातल्या औरंगाबादचंही नामांतर करून मी मोकळा झालो होतो, आणि एका लेखकाचं आडनाव ‘छत्रपती संभाजीनगरकर’ झालं होतं. पाच प्रतींची रेक्झिन बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. खर्च माझ्या अंगावर.

तर ती सीडी. ताईंना वाटलं होतं, घातली की उघडेल. फाइल पेजमेकरची, म्हणजे त्या काळी पुस्तकाची पानं मांडायचं जे सॉफ्टवेअर होतं त्याची. पेजमेकर कधीच बंद पडलं आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल ओळखतसुद्धा नाहीत. कशीबशी उघडलीच, तरी आत मराठी नाही. समोर इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, स्वल्पविराम यांचा नुसता चिवडा. ताईंचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं सीडी खराब झाली.

सीडी ठणठणीत होती. गोम अशी की त्या काळी संगणकाला मराठी कळतच नव्हतं. मी ‘क’ दाबला की त्याच्या लेखी ते कुठलं तरी इंग्रजी अक्षर असायचं, फॉन्ट फक्त त्याला मराठी कपडे घालायचा. कागदावर उमटलं की सुंदर मराठी. कपडे काढले की उघडं. प्रत्येक कंपनीच्या फॉन्टची शिवण वेगळी, एकाच फॉन्टच्या दोन आवृत्त्यांचीसुद्धा वेगळी. आमचं सगळं लक्ष कागदाकडं होतं. पंचवीस वर्षांनी कुणी हे कागदाऐवजी यंत्राला वाचायला देईल, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

माझ्या माळ्यावर विंडोज ९८ चं एक धूड आहे. मुलगा दर दिवाळीला ते भंगारात काढायला निघतो, मी दर दिवाळीला आडवा येतो. त्याच्या पाठीमागं, जिथं प्रिंटरची वायर लागायची तिथं, फॉन्टचं लॉक लावलेलं आहे. ते लॉक असल्याशिवाय फॉन्ट चालत नाही आणि ते लॉक लावायची खोबण आताच्या संगणकांना नसते. चार दिवस खटपट केली. पेनड्राइव्ह त्याला ओळखू येईना, म्हणून सीडीवरूनच ने-आण. शेवटी पानं उघडली. तेव्हाची माझी समास सोडायची पद्धत, पानाखाली दुहेरी रेघ. ताई बराच वेळ नुसत्या पडद्याकडं बघत बसल्या होत्या.

मग रूपांतर. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळतं त्या पद्धतीत, न्यायची साधनं आहेत, मी वापरतो, पण ती गाढव हाकल्यासारखी हाकावी लागतात. जुन्या फॉन्टात ऱ्हस्व वेलांटी आधी आणि अक्षर मागून, युनिकोडात अक्षर आधी. रफाराचं उलटं. त्यामुळं पहिल्या फेरीत ‘विहिरीवर्ती’च्या वेलांट्या भलत्याच अक्षरांना लटकलेल्या. त्यात आपला तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र. ‘आचार्यांना’ बोलावलं तर गुरुजी येतात आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाकी, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. संगणकाला सांगावं लागतं. बरं, हा पापणीचा र युनिकोडमध्येही दोन तऱ्हांनी काढता येतो. डोळ्याला दोन्ही सारखेच दिसतात, शोधताना मात्र एकाला दुसरा सापडत नाही. ‘सुऱ्या’ शोधायला गेलात तर अर्ध्याच मिळतील आणि उरलेल्या अर्ध्या नाहीतच असं समजून तुम्ही निष्कर्ष लिहून मोकळे व्हाल. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांचं आणखी निराळं. तिथं ‘घरांत’, ‘केलें’, ‘त्यांत’ असे टिंबांचे सडे. ‘घरात’ शोधलं तर घरात कुणी नाही.

रूपांतर चाललं होतं तेव्हा ताईंनी मोबाइलवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश उघडून एक शब्द बघितला. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो आहे. तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही तिथंच आहे, दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोशही. मला हसू आलं. १८५७ ची आवृत्ती माझ्या पत्र्याखाली, पावसाच्या आवाजात, एका बोटानं उघडली. आणि याच पत्र्याखाली २००१ साली टाईप केलेलं उघडायला मला चार दिवस आणि एक भंगार यंत्र लागलं. फरक एवढाच की तिथं कुणीतरी बसून शब्दन् शब्द अक्षररूपात भरलाय. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी फोटो काढून ठेवलेत.

फोटोचं काय होतं ते २०२३ च्या शेवटी सगळ्या मराठवाड्यानं पाहिलं. न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं निघाली, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन चढले. माझ्याकडं लोकांची रीघ. "आमच्या गावाचं पान काढून द्या." पान निघायचं, पण वाचणार कोण? काही मोडीत, काही उर्दूत, काही फारसीत. माझे आजोबा निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले, जमिनीचा जुना कागद पेपर वाचावा तसा वाचायचे. मी तो उलटा धरला होता की सुलटा, हे मला एका निवृत्त मौलवींनी सांगितलं. मोडी २०१४ मध्ये युनिकोडात आली, तरी शिरस्तेदारानं घाईघाईत ओढलेली ओळ अजून माणसालाच लावावी लागते. त्या दोन-तीन महिन्यांत मोडी वाचणाऱ्या म्हाताऱ्यांना जेवढा मान मिळाला तेवढा त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नसेल.

ताई शनिवारी यायच्या, कारण बाकीचे दिवस त्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात. दुकानात एरवीची गर्दी चालूच. ती गर्दी कसली असते तेही सांगतो, म्हणजे हे काम त्यात कुठं बसतं ते कळेल.

आठ-दहा वर्षांपूर्वी माझ्या दुकानाचं निम्मं भाडं आयएसएसएनवाल्या, म्हणजे नोंदणी क्रमांक मिळालेल्या, संशोधन नियतकालिकांतून निघायचं. पदोन्नतीला गुण हवेत, गुणांना लेख हवेत. रविवारी लेख आणि पैसे आणून द्या, गुरुवारी छापील अंक न्या. परीक्षण मंडळाची नावं मीच मागच्या अंकातून चिकटवायचो. एका अंकात मराठी कवितेवरचा लेख, त्याच्या शेजारी मत्स्यपालन, पलीकडं जीएसटी. मे २०१८ मध्ये यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, मान्य यादीतली ४,३०५ नियतकालिकं एका फटक्यात काढली, त्यात मी मांडणी केलेलीही होती. मला वाईट वाटलं नाही. मग आयोगाची ‘केअर’ नावाची नवी मान्य यादी आली, २०२२ मध्ये पीएच.डी.ला शोधनिबंधाची सक्ती उठली, फेब्रुवारी २०२५ मध्ये केअर यादीही गेली. यादी येते, यादी जाते, लोक विचारायचे तेच विचारतात, "कितीत होईल आणि कधी मिळेल?"

वाङ्मयचौर्याच्या तपासणीचे किस्से तर विचारूच नका. दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं असा २०१८ चा नियम. एका पठ्ठ्यानं जुन्या फॉन्टातला प्रबंध तसाच तपासायला दिला. साम्य शून्य टक्के. यंत्राला एक अक्षर कळलं नव्हतं, आणि तो पेढे घेऊन आला. दुसऱ्या एका मुलीनं युनिकोडात, प्रामाणिकपणे, तुकोबांवर लिहिलं होतं, तिचं साम्य चाळिसाच्या पुढं. अभंगच जुळत होते! आपण अभंग आत सरकवून मांडतो, अवतरणचिन्हं घालत नाही, आणि यंत्र चिन्हं बघतं. मी रात्रभर बसून प्रत्येक अभंगाला चिन्हं घातली, आकडा खाली आला. त्या रात्रीचे पैसे घेतले नाहीत.

आता एआयची प्रकरणं येतात. ती मला वासावरून कळतात. वाक्यं इस्त्री केलेली, प्रत्येक गोष्ट ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’, आणि गावाचं, माणसाचं, तारखेचं नाव शोधून सापडायचं नाही. एकाच्या संदर्भसूचीत औरंगपुऱ्यातल्या एका प्रकाशनाचं पुस्तक होतं. त्या भागात मी तीस वर्षं चहा पितोय, प्रूफं पोचवतोय. असं प्रकाशन तिथं कधी नव्हतं. पोराला सांगितलं तर म्हणतो, "काका, पण नाव तर खरं वाटतंय ना?"

सगळंच वाईट असं नाही. पूर्वी ऑफसेटच्या प्लेटा काढायच्या म्हणजे पाचशे प्रती तरी छापाव्या लागायच्या, आणि उरलेल्या चारशे लेखकाच्या पलंगाखाली. आता पन्नास छापता येतात. पैठणकडच्या एका निवृत्त ग्रामसेवकांनी आपल्या गावाचा इतिहास लिहून आणला, पारावरच्या भांडणांसकट. साठ प्रती काढल्या, साठही गावातच खपल्या. अशी पुस्तकं आधी छापलीच जात नव्हती.

तर ओव्या. चौथ्या शनिवारी सगळा मजकूर युनिकोडात आला. ताईंना तो कशाला हवा होता तेही तेव्हा कळलं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाच्या वर ओव्या गोळा करून ठेवल्यात, त्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्यानं येतात. काहींचा आवाजसुद्धा ऐकता येतो. आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर म्हटलेल्या ओव्या त्यात आहेत. ताईंनी त्या मला हेडफोनवर ऐकवल्या. जात्याची घरघर मागं चालू. वडिलांच्या ओव्या त्यांच्या शेजारी ठेवून बघायच्या, कुठली ओळ नदी ओलांडून कुठं गेली, कुठं तिचा शब्द बदलला, असं त्यांच्या मनात होतं.

सरांच्या चौथ्या प्रकरणाचा सगळा भर एका शब्दावर होता. मपला. माझा स्वतःचा, अगदी माझा, तो मपला. तुझा तो तुपला. आमच्याकडं अजून म्हातारी माणसं म्हणतात. सरांनी लिहिलं होतं की परिशिष्टातल्या ४७ ओव्यांत हा शब्द येतो आणि तो बहुतेक वेळा भावाबद्दलच येतो, नवऱ्याबद्दल जवळजवळ नाही. का, यावर आठ पानं. मला टाईप करतानाही ती आवडली होती.

ताईंनी शोधच्या चौकटीत ‘मपल’ एवढंच लिहिलं, म्हणजे मपला, मपली, मपलं सगळे यावेत. चौथ्या प्रकरणात धडाधड पिवळे पट्टे उमटले. मग त्या परिशिष्टावर आल्या.

शून्य.

"काका, रूपांतरात काहीतरी गडबड झालीय." मीही तेच म्हणालो. पुन्हा केलं. शून्य. मग मी माळ्यावरच्या यंत्रात मूळ फाइल उघडली, एकेक ओवी वाचायला लागलो आणि दहाव्या-बाराव्या ओवीला माझ्या पोटात खड्डा पडला.

‘बंधू आपला विसरला, नाही विसरले माहेर.’

गोदाकाठची कुठली बाई जात्यावर बसून ‘नाही विसरले माहेर’ म्हणेल? हे मी केलं होतं. चाळीसचा वेग, सरकारी सर्टिफिकेट, शुद्धलेखनाचा ताठा. सरांच्या वहीत ‘व्हता’ दिसलं की बोटं आपोआप ‘होता’ मारायची. ‘इसरला’चं ‘विसरला’. ‘मपला’ तर मला हस्ताक्षरातली चूकच वाटली असणार, सरळ ‘आपला’. चौथ्या प्रकरणात तो शब्द अवतरणचिन्हांत होता म्हणून वाचला. आताची पोरं मोबाइलच्या ऑटोकरेक्टवर चिडतात. २००१ साली त्या दुकानात ऑटोकरेक्ट मी होतो, आणि पानाला आठ रुपये घेत होतो.

इतकी वर्षं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. मार्गदर्शकांनी वाचलं, बाहेरचे परीक्षक वाचून गेले, तोंडी परीक्षेत टाळ्या झाल्या. सहाशे ओव्यांचं परिशिष्ट कोण ओळीनं वाचतं! यंत्रानं ते एका सेकंदात पकडलं. त्याला ओवीतलं ओ कळत नाही, पण नाही ते नाही असं त्यानं तोंडावर सांगितलं.

ताईंना मी लगेच खरं सांगितलं नाही. दोन दिवस गेले. मग आठवलं ते त्याहून वाईट होतं. सरांच्या लक्षात आलं होतं. प्रबंध सादर करायची मुदत चार दिवसांवर होती, तेव्हा ते प्रूफ घेऊन आले होते आणि परिशिष्टभर शिसपेन्सिलीच्या खुणा होत्या. मी म्हणालो होतो, "सर, एवढं सगळं परत घ्यायचं तर आठ दिवस लागतील, पानं सरकतील, अनुक्रमणिका बदलेल. अर्थ तर तोच आहे ना?" सर थोडा वेळ पंख्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "राहू द्या मग." एस.टी.ची वेळ झाली होती.

प्रूफं मी टाकत नाही, रद्दीवाला भाव नीट देत नाही म्हणून साठतात. माळ्यावर तिसऱ्या पोत्यात ते सापडलं. सुतळीनं बांधलेलं, कडा कुरतडलेल्या. त्याच ओवीवर, माझ्या छापील ओळींच्या डोक्यावर, सरांचं बारीक अक्षर:

‘गंगा भरून चालली, व्हता नावंचा तो फेर
बंधू मपला इसरला, न्हाई इसरलं माह्येर’

पुढच्या शनिवारी ते पुडकं ताईंसमोर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. पेन्सिलीच्या अक्षरावरून बोट फिरवत राहिल्या, मग म्हणाल्या, "हे स्कॅन नको करायला, काका. टाईपच करू." मी म्हणालो, मीच करतो, पैशाचं नाव काढू नका. या खेपेला आम्ही दोन रकाने केलेत, एकात २००१ चं छापील, दुसऱ्यात पेन्सिलीचं. माझी चूकही राहू द्यायची, असं ताईंचं म्हणणं. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे की कुठल्या ओळीवर कुणाचा हात फिरलाय. मला ते आधी टोचलं.

गेल्या शनिवारी ३१८ व्या ओवीवर अडलो. ‘मपल्या’च्या पुढं पेन्सिल पुसट, कागद उंदरानं नेलेला. ताईंनी आत्याला गावाकडं फोन लावला, स्पीकरवर. आत्यांचं वय पंच्याऐंशीच्या पुढं. ताईंनी अर्धी ओळ म्हणून दाखवली. पलीकडून बराच वेळ काही नाही.

"नुसतं कसं सांगू गं? हात फिराया पायजे."

मग काहीतरी ओढल्याचा आवाज आला. परात असावी. ती जमिनीवर गोल फिरवत त्यांनी गळा लावला, आणि जी आली ती ३१८ वी नव्हतीच. सरांच्या वहीत नाही, प्रूफात नाही.

‘गंगंच्या पल्याड ग, मपल्या बंधूचं ते गाव
पानी उतरंना बाई, कसा लागंल मला ठाव’

ताईंनी माझ्याकडं बघितलं. मी ६१२ च्या खाली ६१३ टाकलं आणि घेऊ लागलो.

"लिवलं का?" आत्या फोनवरून म्हणाल्या. "त्या टायपिंगवाल्याला सांग, म्या म्हनले तसंच लिव म्हनावं."